लिनक्सवर झेडएक्स स्पेक्ट्रमचे अनुकरण

लिनक्सवर झेडएक्स स्पेक्ट्रमचे अनुकरण म्हणजे १९८० च्या दशकातील झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचे कार्य आधुनिक मुक्तस्रोत संचालन प्रणालीवर सॉफ्टवेअरद्वारे घडवून आणणे होय. अशा सॉफ्टवेअरला एम्युलेटर किंवा अनुकारक म्हणतात. जुन्या कॅसेटवरील प्रोग्राम वाचणे, तपासणे व जतन करणे यांसाठी त्याचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. त्यात ३.५ मेगाहर्ट्झ वेगाचा झेड८०ए प्रक्रियक, १६ किलोबाइट रॉम आणि १६ किंवा ४८ किलोबाइट रॅम असे. पडदा म्हणून घरातील दूरचित्रवाणी संच आणि साठवणुकीसाठी साधा कॅसेट रेकॉर्डर वापरला जाई. १९८४ मध्ये सुधारित कळफलकाचा स्पेक्ट्रम प्लस आला. पुण्यातील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने त्याची परवानाप्राप्त आवृत्ती डीबी स्पेक्ट्रम या नावाने भारतात विकली. स्पेक्ट्रम प्लसची अंतर्गत रचना मूळ ४८ किलोबाइट यंत्राचीच असल्याने त्यासाठीचे प्रोग्राम चालवताना एम्युलेटरमध्ये तेच प्रारूप निवडतात.

कार्यपद्धती

एम्युलेटर झेड८० प्रक्रियकाच्या आज्ञा एकामागून एक वाचून आधुनिक प्रक्रियकावर त्यांचा परिणाम घडवतो. केवळ आज्ञांचे रूपांतर पुरेसे नसते. वेळेचे गणितही जुळावे लागते. मूळ ४८ किलोबाइट यंत्रात पडद्याची एक चौकट ६९,८८८ घड्याळस्पंदांची असून सेकंदाला सुमारे ५० चौकटी होतात. अनेक खेळांतील रंग, ध्वनी व गती याच गणितावर अवलंबून असतात.

लिनक्सवरील वापर

लिनक्सवर यासाठी फ्यूज हा मुक्तस्रोत एम्युलेटर प्रचलित आहे. याच नावाचे फाइलप्रणालीविषयक सॉफ्टवेअर आधीपासून असल्यामुळे डेबियनमध्ये तो 'फ्यूज-एम्युलेटर' या नावाने शोधावा लागतो. एम्युलेटरचा आज्ञावलीसंच मुक्त असला, तरी यंत्राच्या रॉमचा स्वामित्वहक्क मुक्त नाही. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला. पुढे त्या कंपनीने स्वामित्वहक्क राखून एम्युलेटरसोबत रॉम वितरित करण्यास परवानगी दिली. त्यामुळे डेबियन हे रॉम 'अमुक्त' विभागात स्वतंत्र ठेवते.

४८ किलोबाइट प्रारूपात 'जे' ही कळ दाबताच लोड हा पूर्ण शब्द उमटतो. त्यानंतर सिम्बॉल शिफ्टसह 'पी' दोनदा दाबल्यास अवतरणचिन्हे येतात. फ्यूजमध्ये सिम्बॉल शिफ्टसाठी कंट्रोल कळ वापरता येते.

कॅसेटचे जतन

कॅसेटवरील माहिती ध्वनिस्पंदांच्या रूपात असते. नेहमीच्या पद्धतीत शून्याचा प्रत्येक स्पंद ८५५ व एकाचा १,७१० घड्याळस्पंदांचा असतो. प्रत्येक खंडाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. एक बिट जरी चुकला, तरी पडताळणी जुळत नाही व पडद्यावर फीत वाचनातील त्रुटीचा संदेश येतो.

फितीवरील चुंबकीय थर कालांतराने खराब होतो. म्हणून आधी कॅसेट स्वच्छ करून, प्लेअरच्या हेडचा कोन जुळवून, ध्वनी असंपीडित स्वरूपात मुद्रित करतात. एमपी३ सारख्या संपीडनात स्पंदांच्या कडा बिघडू शकतात. फ्यूजच्या पूरक साधनांतील 'ऑडिओ-टू-टेप' हे साधन ध्वनिफाइलपासून फीतफाइल बनवते. टॅप स्वरूपात केवळ बाइट राहतात. टीझेडएक्स स्वरूपात स्पंदांची रचनाही राहते. त्यामुळे विशेष लोडर असलेल्या कॅसेटसाठी टीझेडएक्स अधिक योग्य ठरते. पडताळणी यशस्वी झाल्यावरही मूळ ध्वनिफाइल ठेवणे इष्ट असते.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास नाश वा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. मात्र ती प्रत मूळ प्रयोजनासाठीच वापरता येते. यातून तिच्या सार्वजनिक वितरणाचा हक्क मिळत नाही.

मर्यादा

व्यापारी खेळांच्या असंख्य प्रती विकल्या गेल्याने त्यांपैकी बहुतेक जगभरच्या संग्राहकांनी जतन केले आहेत. याउलट विद्यार्थ्याने वा हौशी व्यक्तीने घरी बेसिक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामची बहुधा एकच कॅसेट असते. एम्युलेटर यंत्र पुन्हा उभे करू शकतो. न वाचलेल्या फितीवरील मजकूर मात्र त्याला परत आणता येत नाही.