फेसाळ कॉफी : यंत्राचे काम, हाताचे माप

चहा हा घरच्यांचा आणि कॉफी ही पाहुण्यांची, अशी एक अलिखित वाटणी आपल्या बहुतेक कुटुंबांतून फार दिवस चालत आलेली आहे. चहाला निमित्त लागत नाही, कॉफीला लागते. मुलगी पाहायला मंडळी आली, परीक्षेसाठी मुलगा रात्री जागत बसला, थंडीपावसात कोणी दूरचा आप्त दारी आला, की कॉफीची आठवण होते. मात्र ही कॉफी कशी करावी याविषयी महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत एकमत नाही, आणि ते नसणे मोठे गमतीचे आहे. बेळगावकडच्या घरांतून कानडी शेजाराच्या संगतीने फिल्टरची कॉफी रुजली. जुन्या वळणाच्या घरांतून दुधात उकळून जायफळ-वेलदोड्याची पूड घातलेली कॉफी अजूनही टिकून आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे मात्र हिंदी भाषिकांच्या सहवासाने 'फेंटी हुई कॉफी' आपल्या स्वयंपाकघरात आली आणि आपण तिला 'फेटलेली कॉफी' म्हणू लागलो.

या तिसऱ्या कॉफीविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण ती रुचकर असली तरी तिच्या पाठीमागे कोणाचे तरी मनगट दुखत असते, आणि ते दुखणे टाळण्याचे साधन आज बहुतेक घरांत ओट्यावरच उभे आहे.

फेटलेली कॉफी म्हणजे विरघळणारी कॉफी, साखर आणि अगदी थोडे पाणी एकत्र करून ते मिश्रण फिकट, घट्ट आणि फुललेले होईपर्यंत घोटावयाचे, मग त्यावर गरम दूध ओतावयाचे. मराठीत या क्रियेला 'फेसणे' हा नेमका शब्द आहे. नानकटाईसाठी आपण तूप आणि साखर फेसतो तेव्हा करतो ते हेच : पदार्थात हवा कोंडावयाची आणि ती निसटू द्यावयाची नाही.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि घरोघरी माणसे अडकून पडली, त्या दिवसांत 'दालगोना कॉफी' नावाच्या पेयाचा सर्वत्र एकच गवगवा झाला. त्याचा उगम असा, की जंग इल-वू या कोरियन अभिनेत्याने त्या वर्षीच्या जानेवारीत दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात मकाव येथील फेटलेली कॉफी चाखली आणि तिची चव आपल्याकडच्या 'दालगोना' नावाच्या मिठाईसारखी लागते, असे तो म्हणाला. दालगोना म्हणजे वितळलेल्या साखरेत खाण्याचा सोडा घालून फुगवलेली वडी. नाव तेथून चिकटले. कॉफी मात्र नवी नव्हती. ग्रीस देशात १९५७ साली थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात दिमित्रिस वाकोंदियोस या गृहस्थांना कॉफीसाठी गरम पाणी मिळेना, तेव्हा त्यांनी विरघळणारी कॉफी थंड पाण्यातच घुसळून घेतली आणि त्या देशाचे 'फ्रापे' हे लोकप्रिय पेय जन्मास आले. क्यूबातील गृहिणी कडक कॉफीच्या पहिल्या काही थेंबांत साखर घोटून फेस काढतात. आणि आपल्याकडील कित्येक घरांत तर पेल्यात चमचा फिरण्याचा आवाज आला, की आज कोणी पाहुणा येणार, हे मुलांना कळत असे! तेव्हा जगाने ज्याचे नवे म्हणून कौतुक केले ते आपल्या आया-मावश्यांना ठाऊकच होते. फक्त त्यांच्या कौशल्याला कोणी नाव दिले नव्हते.

आता हा फेस मुळात येतो कशाने, ते पाहू. कारण एकदा कारण कळले, म्हणजे कृती पाठ करावी लागत नाही.

विरघळणारी कॉफी म्हणजे भाजलेल्या बियांचा काढा करून त्यातील पाणी काढून टाकलेला कोरडा अर्क. ब्राझीलमध्ये कॉफीचे अमाप पीक पडून राहू लागले, त्याचा टिकाऊ उपयोग व्हावा म्हणून स्वित्झर्लंडमध्ये प्रयोग झाले आणि १९३८ साली 'नेसकॅफे' बाजारात आली. तेव्हापासून ही भुकटी जगभर पसरली. या अर्कात प्रथिनांचे आणि पिष्टमय वर्गातील पदार्थांचे जे अंश असतात, ते हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. साखर त्या द्रवाला दाट करते, त्यामुळे बुडबुड्यांमधील पाणी लवकर खाली झिरपत नाही आणि फेस टिकून राहतो. घोटता घोटता मोठे बुडबुडे फुटून त्यांचे असंख्य बारीक बुडबुडे होतात. त्यांच्यावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि म्हणूनच काळसर तपकिरी मिश्रण बदामी रंगाचे दिसू लागते. रंग बदलला याचा अर्थ कॉफी पातळ झाली असा नव्हे. तिच्यात हवा भरली असा आहे.

यावरून दोन गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. पहिली अशी, की फिल्टरच्या कॉफीची पूड या कामी चालत नाही. ती दळलेली बी असते, विरघळत नाही; आणि तिचा काढा इतका पातळ असतो की त्याचा घट्ट फेस धरत नाही. फिल्टर कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून ओतली म्हणजे जो फेस येतो, तो मुख्यतः दुधाचा असतो. दोन्ही फेस चांगले, पण त्यांची जात निराळी. दुसरी गोष्ट अशी, की स्निग्धांश हा फेसाचा वैरी आहे. तेलातुपाचा लवलेश बुडबुड्याचा पापुद्रा तोडतो. म्हणूनच हाताने फेटताना सगळे ठीक जमते आणि मिक्सरमध्ये मात्र बिघडते, असा अनुभव पुष्कळांना येतो. दोष मिक्सरचा नसतो. सकाळी त्याच भांड्यात झालेल्या दाण्याच्या कुटाचा किंवा ओल्या नारळाच्या चटणीचा असतो.

मिक्सरचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या जन्माची हकिकतही सांगण्याजोगी आहे. १९६० च्या दशकात मुंबईत माधुरी माथूर यांच्याकडील परदेशी बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणघाटणाच्या भाराने जळाला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर हे अभियंते. त्यांनी आपल्या स्वयंपाकघराला पेलेल असे यंत्र तयार केले आणि ते 'सुमीत' या नावाने घरोघर पोचले. पाटा-वरवंट्यापुढे बसणाऱ्या बाईची पाठ ज्या यंत्राने सरळ केली, त्याला कॉफीच्या चमच्यावर झिजणारा हात सोडवणे अवघड नाही. मात्र त्या यंत्राचा स्वभाव ओळखला पाहिजे. घरगुती मिक्सरची पाती मिनिटाला सुमारे १८,००० ते २०,००० फेरे घेतात, आणि ती कापण्यासाठी व दळण्यासाठी घडवलेली असतात. फेसण्याचे काम त्यांच्याकडून करून घ्यावयाचे, तर थोडे थोडे करूनच घ्यावे लागते.

चार कप कॉफीसाठी प्रमाण असे ठेवावे : चहाच्या चमच्याने सहा चमचे विरघळणारी कॉफी, सहा चमचे साखर आणि सहा चमचे गरम पाणी. समभाग हेच सूत्र. चमचा लहानमोठा असला तरी बिघडत नाही, तीनही जिनसांना तोच वापरला म्हणजे झाले. साखर आधी दळून घेतल्यास ती लवकर विरते. पाणी पडले जास्त, तर फेस सैल होतो. कमी पडले, तर मिश्रण पात्याखाली चिकटून बसते.

मिक्सरचे सर्वांत लहान, म्हणजे चटणीचे भांडे घ्यावे. ते गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन कोरडे करावे. मोठ्या भांड्यात एवढे थोडे मिश्रण पात्यापर्यंत पोचतच नाही, नुसते कडेला उडून बसते. झाकण घट्ट लावून दहा-पंधरा सेकंद फिरवावे, थांबावे, कडेचे मिश्रण चमच्याने खाली आणावे आणि पुन्हा फिरवावे. असे पाच-सहा वेळा केले म्हणजे मिश्रण बदामी आणि दाट होते. चमचा उचलून उलटा केला असता फेस त्याला धरून राहिला, म्हणजे काम झाले.

हातात धरावयाचा ब्लेंडर असेल तर आणखी सोपे. त्यासाठी पसरट पातेले न घेता उंच आणि अरुंद भांडे घ्यावे. आरंभी पाते मिश्रणात पूर्ण बुडलेले ठेवावे, नाही तर शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. साखर विरघळली म्हणजे भांडे किंचित तिरपे करून पाते पृष्ठभागाजवळ आणावे; तेथेच हवा आत ओढली जाते. ब्लेंडरबरोबर तारांचे फेसणे मिळाले असेल, तर पात्याऐवजी तेच लावावे. दोन ते चार मिनिटांत फेस तयार होतो. हेच काम पेल्यात चमच्याने करावयास पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात.

एक सूचना मात्र ठळकपणे ध्यानात ठेवावी. उकळते पाणी किंवा उकळते दूध मिक्सरच्या बंद भांड्यात कदापि घालू नये. पाती फिरू लागताच आतील हवा व वाफ एकदम तापून पसरते, झाकण उडते आणि कढत द्रव अंगावर येतो. पाणी बोटाला सोसेल इतकेच गरम असावे. तेवढ्याने साखर विरघळते. ग्रीक मंडळी तर थंड पाण्यावरच हे काम भागवतात, हे वर आलेच आहे. दूध निराळे तापवावे. भांडे साफ करताना प्रथम बटण बंद करून वायर काढावी, ही गोष्ट मुलांनाही शिकवून ठेवावी.

गरम कॉफी हवी असल्यास प्रत्येक कपात दोन-अडीच चमचे फेस घालून त्यावर तापलेले दूध थोड्या उंचीवरून बारीक धारेने सोडावे. फेस हलका असल्यामुळे आपोआप वर येतो. उन्हाळ्यात थंड दूध आणि बर्फ पेल्यात घालून फेस वरून ठेवावा. ज्यांना जायफळाची सवय आहे, त्यांनी ते या फेसावर किंचित किसून घ्यावे. मिश्रणात आधी घालू नये, कारण जायफळात तेल असते. इंदूरचा फेस आणि आजीचे जायफळ एका कपात नांदले, तर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. उरलेला फेस झाकून शीतकपाटात दोन दिवस राहतो. तळाशी पाणी सुटले तर पुन्हा थोडा फेटावा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखरेवाचून फेटून पाहावे. फेस येतो, परंतु तो लवकर बसतो, म्हणून कॉफी लगेच प्यावी. इतरांनीही एवढे लक्षात घ्यावे, की वरील प्रमाणात प्रत्येक कपात दीड चमचा साखर गेलेलीच आहे. दुधात निराळी घालू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत विरघळणाऱ्या कॉफीच्या एका कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसाकाठी ते ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे सांगितले आहे. जेवणाच्या आधी व नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी, असेही त्यांत आहे. कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. आपल्या घरातील स्त्रियांच्या दृष्टीने ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. जेवण उरकताच पाहुण्यांबरोबर कॉफी घेण्याची पद्धत, म्हणूनच, थोडी पुढे ढकलावी हे बरे.

स्त्रियांचा उल्लेख आला, तेव्हा मूळ मुद्द्याकडे वळतो. पाहुणे बैठकीत, गप्पा बैठकीत, आणि घरची सून किंवा लेक स्वयंपाकघरात पेल्यावर वाकून कॉफी फेटते आहे, हे दृश्य कोणा मराठी घराला अपरिचित आहे? बाहेर हशा पिकतो, आत चमचा फिरत असतो. कॉफी येते तेव्हा गोष्ट संपलेली असते. 'वा, काय फेस आला आहे!' अशी वाहवा होते, पण ज्या वीस मिनिटांतून तो फेस आला ती वीस मिनिटे कोणाच्या हिशेबात नसतात. ब्लेंडरने ती तीन मिनिटांवर आणली. उरलेली सतरा मिनिटे कोणाची, हा खरा प्रश्न आहे. त्या वेळात तिने आणखी एक पदार्थ करावा अशी आपली अपेक्षा असेल, तर यंत्र घरात आणूनही आपण तिला काहीच दिले नाही.

हाताच्या फेटण्याला चव अधिक, असा आग्रह धरणारी मंडळी आहेत. चव अधिक असते की नाही, हे ज्याच्या त्याच्या जिभेने ठरवावे. पण असा आग्रह धरणाऱ्याने निदान एक दिवस चमचा स्वतःच्या हाती घ्यावा. मिश्रणाचे माप, भांड्याची स्वच्छता, कोठे थांबावे याची जाण, ही हातची विद्या यंत्र आले म्हणून जात नाही. तिला यंत्र केवळ मदतनीस मिळवून देते. आणि बटण दाबण्याचे काम तर घरातील कोणालाही जमण्यासारखे आहे. पुढच्या वेळी पाहुणे आले, म्हणजे घरधन्याने किंवा मोठ्या मुलाने उठून ब्लेंडर लावावा आणि जिने आजवर कॉफी फेटली तिला बैठकीत बसू द्यावे. चार कपांचे प्रमाण वर दिलेच आहे. घरातील माणसे जास्त असतील, तर पाचवा कप तिच्यासाठी धरून प्रमाण वाढवावे.