तान्ह्या बाळाचा मेंदूज्वर : औषध किती दिवस द्यावे ?

नवजात अर्भकाच्या आजारांत मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूवरील आवरणांचा दाह, हा अत्यंत घातक समजला जातो. आपल्याकडे बोलण्यात त्यास मेंदूज्वर म्हणतात. परंतु तेच नाव प्रत्यक्ष मेंदूच्या दाहासही लावले जात असल्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. प्रस्तुत लेखात मेंदूच्या आवरणांना जंतूंमुळे होणारा दाह एवढाच विषय अभिप्रेत आहे, आणि त्यातलाही एकच प्रश्न : औषध किती दिवस द्यावयाचे ?

प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. ‘बाळ बरे होईपर्यंत’ असे उत्तर कोणीही देईल. परंतु चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, बाळ अंगावर पिऊ लागते, रडू लागते. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना ते बरे झालेले दिसते. डॉक्टर मात्र आणखी दोन आठवडे सुई चालू ठेवावी लागेल असे सांगतात. बाळंतिणीची आबाळ, वडिलांची रजा, घरचा खर्च ही सर्व ओढाताण तेथून सुरू होते. उलटपक्षी असेही घडते की, बाळास हा रोग मुळात झालेलाच नसतो आणि केवळ संशयाच्या भरात त्यास तीन आठवडे औषध टोचले जाते. दोन्ही चुकांची किंमत बाळालाच मोजावी लागते. म्हणून दिवसांचा हा हिशेब डॉक्टर कसा करतात हे आईवडिलांनी व आजी-आजोबांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रोग ओळखणे अवघड का ?

मोठ्या माणसास हा रोग झाला तर डोके ठणकते, ताप चढतो, मान ताठते. नवजात बाळात यांपैकी काहीच खात्रीने आढळत नाही. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते, अंग गार लागते किंवा तापते, श्वास अडखळतो, रडणे क्षीण अथवा किरटे होते. क्वचित झटके येतात. टाळू फुगून वर येणे हे लक्षण खरे, पण ते बहुधा उशिरा दिसते. रक्तातील साखर उतरली, फुप्फुसाला सूज आली, किंवा जंतू केवळ रक्तातच शिरले, तरी बाळ असेच मलूल दिसते.

शिवाय बाळाची प्रतिकारशक्ती तोकडी असते. आईच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये गर्भाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात; तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळास ही शिदोरी कमीच मिळते. रक्तात शिरलेले जंतू अशा बाळाच्या मेंदूपर्यंत लवकर पोहोचतात आणि काही तासांचा उशीरही नडतो. यामुळे डॉक्टर खात्रीची वाट पाहत बसत नाहीत. संशय येताच औषध सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. सुरुवात संशयावरून करावयाची, पण शेवट पुराव्यावरून ठरवावयाचा, हे या उपचाराचे मुख्य सूत्र होय.

पाठीतले पाणी

हा पुरावा मिळतो तो पाठीच्या कण्यातील पाण्यातून. मेंदू व मज्जारज्जू यांच्या भोवती एक स्वच्छ द्रव खेळत असतो. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो काढण्याची रीत जर्मनीतील डॉक्टर हाइन्‍रिख क्‍विंके यांनी १८९१ साली प्रसिद्ध केली. पाणी काढल्याने मूल पांगळे होते अशी भीती आजही अनेक घरांत आहे. सुई जेथे घालतात ती जागा मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही भीती निराधार असल्याचे दिसून येईल.

या पाण्यातील पांढऱ्या पेशी मोजतात, साखर व प्रथिने तपासतात आणि त्यातील जंतू वाढवून पाहतात. तथापि येथेही अडचणी आहेतच. निरोगी नवजात बाळाच्या पाण्यातसुद्धा वीसेक पेशी सापडू शकतात, आणि त्याची प्रथिनेही मोठ्यांपेक्षा अधिक असतात. सुई घालताना रक्त मिसळले तर मोजणी बिघडते. बाळ फारच अत्यवस्थ असले तर पाणी काढणे पुढे ढकलावे लागते. आणि तोवर औषधाचे दोन-चार डोस पडले तर काही जंतू इतक्या लवकर मरतात की, रोग असूनही तपासणीत ते उगवत नाहीत.

मग रक्ताची तपासणी पुरेशी नाही काय ? नाही. मेनिन्जायटिस झालेल्या नवजात बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांच्या रक्तात जंतू सापडतच नाहीत. सारांश, पाणी तपासले नाही तर डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते, आणि अंधारात सावध माणूस लांबचाच पण सुरक्षित रस्ता धरतो. पाणी काढण्यास नकार देणारे पालक नकळत बाळाच्या वाट्यास कित्येक दिवसांच्या जादा सुया आणीत असतात.

दिवसांचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. सामान्यतः पाच प्रकार संभवतात.

पहिला : रक्तात व पाण्यात काही उगवले नाही, पाण्यातील पेशी प्रमाणात आहेत आणि बाळ खेळकर आहे. अशा वेळी ३६ ते ४८ तासांनंतर औषध बंद करता येते.

दुसरा : रक्तात जंतू सापडले, पण पाणी स्वच्छ आहे. हा रक्तदोष होय. त्यास जंतू पाहून साधारणतः ७ ते १४ दिवस औषध देतात.

तिसरा : पाण्यातच जंतू सापडले. ‘ब’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू असेल आणि गुंतागुंत नसेल तर १४ दिवस. क्लेब्सिएला, ई. कोलाय अशा ग्रॅम-ऋण जंतूंपैकी असेल तर निदान २१ दिवस. शिवाय पाणी निर्जंतुक झाल्यापासून १४ दिवस पूर्ण व्हावे लागतात. या दोहोंत जी तारीख पुढची, ती धरावयाची.

चौथा : मेंदूच्या आतील पोकळ्यांत दाह शिरला किंवा गळू झाले. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत अथवा एम. आर. आय. मध्ये हे दिसते. येथे चार ते सहा आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो.

पाचवा प्रकार सर्वांत कठीण. पाण्यात पेशी वाढलेल्या आहेत, पण जंतू एकही उगवलेला नाही. कारण औषध आधीच सुरू झाले होते. येथे कोणताही ठराविक आकडा उपयोगी पडत नाही. पेशी किती वाढल्या, साखर किती उतरली, पाणी काढण्यापूर्वी किती डोस झाले, बाळंतपणात आईस ताप होता काय, गर्भजल फार आधी फुटले होते काय, या सर्व गोष्टी तराजूत घालाव्या लागतात. जंतूंचे आनुवंशिक द्रव्य ओळखणारी पी. सी. आर. तपासणी येथे मोठी मदत करते, कारण मेलेल्या जंतूची खूणही तीत सापडू शकते. तीत एंटेरोव्हायरस हा विषाणू सापडला व जंतूंचा अन्य पुरावा नसला, तर प्रतिजैविके थांबविता येतात. हर्पीजचा विषाणू सापडला तर औषधच निराळे, आणि ते शिरेतून २१ दिवस द्यावे लागते. रक्तातील सी. आर. पी. ची पातळी सोबतीला उपयोगी आहे, पण एकट्या तिच्या साक्षीवर निकाल देऊ नये. एवढे करूनही शंका उरली तर बाळास मेनिन्जायटिस आहे असे धरूनच उपचार पुरा करतात.

ग्रॅम-ऋण जंतूंस अधिक दिवस का ? एक तर उत्तम औषध चालू असतानाही हे जंतू पाण्यातून हटण्यास अनेकदा दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही अधिक घेतात. म्हणूनच पाणी पुन्हा काढून पाहावे लागते. दुसरे असे की, ते मेंदूच्या पोकळ्यांत दडी मारून बसतात. तिसरे कारण मोठे मार्मिक आहे. रक्तातील औषध मेंदूकडे सहजी जाऊ नये अशी निसर्गाने तटबंदी केलेली आहे. दाहामुळे या तटाला भगदाडे पडतात व औषध आत शिरते. पण दाह ओसरला की तट पुन्हा सांधला जातो आणि कित्येक औषधे आत कमी पोहोचू लागतात. म्हणून बाळ सुधारले तरी डोस कमी करीत नाहीत, आणि सुईऐवजी पातळ औषध देऊन घरी पाठवीत नाहीत.

हे आकडे आले कोठून ?

सल्फा औषधे व पेनिसिलिन येण्यापूर्वी हा रोग म्हणजे बहुतेक मृत्यूच. ही औषधे आल्यावर बाळे वाचू लागली, आणि किती दिवसांनी औषध थांबविले असता रोग उलटत नाही याचा अनुभव जमत गेला. १४ व २१ हे आकडे त्या अनुभवातून आले. पूर्ण आठवड्यांनी मोजण्याची माणसाची सवयही त्यांत उतरली आहे. काटेकोर चाचण्या मात्र थोड्या झाल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बांगलादेश, पाकिस्तान, मलावी, इजिप्त व व्हिएतनाम येथील सुमारे एक हजार मुलांस घेतले होते; पाचव्या दिवशी स्थिर असलेल्या मुलांत ५ दिवसांचे औषध १० दिवसांच्या तोडीचे ठरले. पण ही मुले दोन महिन्यांहून मोठी होती. त्यांचे जंतू निराळे, शक्ती निराळी. तो निष्कर्ष नवजात बाळास लावता येत नाही. दिल्ली येथे ७० नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. बाळ सुधारल्यानंतर १० दिवस औषध द्यावे की १४, याची तीत तुलना होती. फरक आढळला नाही. निष्कर्ष आशादायक खरा, पण एवढ्या थोड्या बाळांवरून जुना नियम मोडणे धाडसाचे होईल.

अधिक उपचार म्हणजे अधिक चांगला उपचार, असेही नव्हे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही अर्भकांस नेहमीच्या औषधाबरोबर जेंटामायसिन थेट मेंदूच्या पोकळीत टोचून पाहिले. औषध जागच्या जागी पोहोचले तर लवकर गुण येईल, हा हेतू. प्रत्यक्षात त्या गटात मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या सुमारे तिप्पट भरले, आणि चाचणी थांबवावी लागली.

जादा दिवसांचे तोटे

१,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या व तपासणीत जंतू न सापडलेल्या बाळांची अमेरिकेत केलेली पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांस जन्मानंतरचे पहिले औषध पाच दिवस वा अधिक दिले गेले, त्यांच्यात आतडे सडण्याचा गंभीर विकार अथवा मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले. पोटातील उपकारक जंतू मरतात व बुरशी माजते. नाजूक शिरा एकेक करून निकामी होतात. आई व बाळ यांची ताटातूट होते. जेंटामायसिनसारख्या औषधांनी कानास इजा पोहोचण्याचा संभव असतो.

याहून मोठी चिंता आहे ती औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची. दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या रक्तदोषाची पाहणी झाली व ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व ई. कोलाय हे तीन ग्रॅम-ऋण जंतू तीत अग्रभागी होते, आणि त्यांपैकी पुष्कळसे अनेक औषधांना जुमानीत नव्हते. आज एका बाळास निष्कारण दिलेले औषध उद्या शेजारच्या पाळण्यातील बाळाच्या कामी येत नाही, असा याचा अर्थ.

घरच्यांनी काय करावे ?

जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात बाळ दूध ओढीनासे झाले, मलूल पडले, फार गार वा गरम लागले, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून बसू नये आणि घुटी पाजून वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे. ही लक्षणे ओळखण्यास डॉक्टरच असावे लागते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना हे शिकविले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कार्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले.

रुग्णालयात पाणी काढण्यास संमती द्यावी. त्यानंतर डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे तीन प्रश्न विचारावेत : पाण्यात काय सापडले ? कोणत्या दिवसापासून मोजणी धरली आहे ? आणि कोणत्या तपासणीनंतर औषध थांबेल ? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. कारण समजले की एकवीस दिवस काढण्याचे बळही येते. बाळ हसते-खेळते दिसते म्हणून, किंवा पैशांच्या ओढीमुळे, स्वतःच्या जबाबदारीवर त्यास मध्येच घरी नेणे हा मात्र मोठा धोका. रोग उलटला तर तो मेंदूचे कायमचे नुकसान करून जातो. जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळावरील उपचार विनामूल्य आहेत, हे गरजू कुटुंबांना आपण आवर्जून सांगावे.

या दिवसांत आईचे दूध, प्रसंगी काढून का होईना, बाळास मिळत राहावे. आणि हात धुतल्यावाचून कोणीही बाळास शिवू नये. घरी आल्यावरही काम संपत नाही. बाळाच्या कानांची तपासणी अवश्य करून घ्यावी. डोक्याचा घेर वेळोवेळी मोजून घ्यावा. मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे वेळेवर होते की नाही हे निदान दोन वर्षे पाहावे. काही उणे आढळले तर लवकर केलेल्या उपचाराने पुष्कळ भरून काढता येते.

औषध किती दिवस द्यावे याचे उत्तर पंचांगात नाही, तसे ते बाळाच्या चेहऱ्यावरही नाही. ते पाठीतून काढलेल्या त्या चार थेंब पाण्यात आहे. ते वेळेवर पाहिले, त्यात जे सापडले त्याप्रमाणे औषध चालविले, आणि काही न सापडल्यास ते थांबविण्याचे धैर्य दाखविले, म्हणजे कमीही नाही आणि जास्तही नाही, असा योग्य उपचार बाळाच्या पदरात पडेल.