पाणी आटले, गर्दी दाटली

जलाशयातले मासे संपले, असे कोणी म्हटले की मी आधी विचारतो, पाणी किती उरले? अमेरिकेच्या वाळवंटी भागात हूवर धरणामागे मीड जलाशय आहे. तिथे गळाने बास मासा पकडणाऱ्या हौशी मंडळींची वर्दळ असते. २००० ते २०२२ या काळात जलाशयाची पातळी सुमारे १७० फूट उतरली. बोटी पाण्यात सोडण्याचे बहुतेक उतार निकामी झाले. साहजिकच उरलेल्या जागी गर्दी दाटली. सतत गळ पडू लागले की बास सावध होतो. वसंतात तो उथळ पाण्यात घरटे करतो आणि नर अंडी राखतो. पाणी झपाट्याने उतरले तर घरटे उघडे पडते. नर गळाला लागला तर इतर मासे अंडी खातात. म्हणून तो लागलाच, तर लगेच तिथेच सोडावा. पाणी आपल्या हाती नाही, गळ मात्र आहे.