जुन्या पिनबॉल यंत्रांचे पुनर्रंगण

जुन्या पिनबॉल यंत्रांचे पुनर्रंगण म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या पिनबॉल यंत्राच्या लाकडी पेटीवरील मूळ छटा शोधून ती पेटी मूळ नक्षीसह पुन्हा रंगविण्याची प्रक्रिया होय. आज दिसणारा रंग आणि कारखान्यात दिलेला रंग यांत बरेच अंतर पडलेले असते. त्यामुळे या कामात प्रत्यक्ष रंग देण्याइतकेच महत्त्व मूळ छटा निश्चित करण्याला असते.

पार्श्वभूमी

पिनबॉल यंत्रांच्या निर्मितीचे मुख्य केंद्र अमेरिकेतील शिकागो हे शहर होते. गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स हे तेथील प्रमुख उत्पादक. गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ (१९४७) या यंत्रात चेंडू टोलविणारे विजेवरचे फ्लिपर प्रथम आले आणि या खेळाला आजचे रूप मिळाले. यंत्राचे दोन मुख्य भाग असतात : खेळाचा पट असलेली आडवी पेटी आणि तिच्या मागील टोकावर उभी असलेली, गुणसंख्या व रंगीत चित्रकाच दाखविणारी पेटी. ही यंत्रे मद्यगृहे व करमणूक केंद्रांत ठेवली जात. ऊन, धूर, ओल आणि सततची हाताळणी यांमुळे त्यांचा रंग लवकर खराब होई. अनेक यंत्रांवर मालकांनी मूळ नक्षी झाकून दुसराच रंग चढविलेलाही आढळतो.

मूळ रंगकामाची पद्धत

१९५० ते १९७० च्या दशकांतील पेट्यांवर प्रथम फिकट रंगाचा थर फवारला जाई. काही यंत्रांवर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक रंगीत धागे किंवा शिंतोडे उडविलेले असत. त्यानंतर कापलेले साचे, म्हणजे स्टेन्सिल, पेटीवर धरून बहुधा दोन रंगांची नक्षी उमटविली जाई. साचा पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला नसल्याने रंगाची कड किंचित धूसर येई. अतिरेखीव कडा असलेली नक्षी जुन्या यंत्रावर विसंगत दिसते, ती यामुळेच. पुढे स्क्रीन प्रिंटिंग व १९९० च्या दशकात छापील चिकटचित्रे यांनी साच्यांची जागा घेतली.

रंगजुळणी

उन्हाने अनेक रंगद्रव्ये फिकट होतात; लाल छटांवर हा परिणाम विशेष जाणवतो. पांढरा थर कालांतराने पिवळसर पडतो. भिंतीकडील आणि खिडकीकडील अशा एकाच यंत्राच्या दोन बाजूही वेगळ्या दिसू शकतात. म्हणून मूळ छटेचा नमुना झाकलेल्या जागी शोधला जातो : पायांच्या धातुपट्ट्यांखाली, बिजागऱ्यांमागे, नाण्याच्या दाराच्या चौकटीखाली, तसेच दोन पेट्या जेथे एकमेकींना टेकतात तेथे. पृष्ठभागावरील मळ व पिवळेपणा हलक्या हाताने काढल्यावरही खालची छटा दिसू शकते.

रंगाच्या दुकानातील वर्णमापक यंत्राने नमुन्याचे मापन करता येते. मात्र नमुना सपाट, स्वच्छ व एकरंगी असावा लागतो. शिंतोडे असलेल्या भागाचे मापन केल्यास मिश्र छटा मिळते. ओला रंग वाळल्यावर वेगळा दिसतो आणि पारदर्शक रोगणाने तो अधिक गडद भासतो. त्यामुळे त्याच अस्तरावर चाचणीचा तुकडा रंगवून, तो पूर्ण वाळल्यानंतरच तुलना केली जाते. एका प्रकाशात जुळणाऱ्या दोन छटा दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसू शकतात. या गुणधर्माला मेटामेरिझम म्हणतात. यासाठी तुलना दिवसाच्या उजेडात आणि दिव्याखाली अशी दोन्हीकडे करतात.

कोणती छटा जुळवायची, हे कामाच्या व्याप्तीवर ठरते. केवळ खरचटलेला भाग दुरुस्त करावयाचा असल्यास सभोवतालची आजची, म्हणजे उडालेली छटा जुळवावी लागते. संपूर्ण पेटी रंगवावयाची असल्यास झाकलेल्या भागातील मूळ छटा प्रमाण मानली जाते.

कामाचे टप्पे

रंग खरवडण्यापूर्वी सर्व बाजूंची समोरून छायाचित्रे घेतली जातात आणि प्रत्येक रंगाची नक्षी पारदर्शक कागदावर उतरवून कडांपासूनची अंतरे नोंदविली जातात. ही नोंद राहून गेल्यास नक्षी कायमची नष्ट होते. नंतर सैल सांधे चिकटविणे, खड्डे लांबीने भरणे, पॉलिशपेपरने घासणे व अस्तर देणे ही कामे होतात. त्यावर फिकट थर, असल्यास जाळी वा शिंतोडे आणि शेवटी साच्यांतील रंग, सामान्यतः आधी फिकट व मग गडद, दिले जातात. फवारा साच्यावर काटकोनात आणि पातळ थरांत मारला जातो. जाड थर साच्याखाली झिरपतो.

सुरक्षितता

अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीच्या पेट्यांवरील रंगात शिसे असण्याची शक्यता असते. अशा रंगाची चाचणी करणे, कोरडे घासणे टाळणे, योग्य श्वसनमुखवटा वापरणे आणि मुलांना धुळीपासून दूर ठेवणे आवश्यक असते.

जतन की पुनर्रंगण

मूळ रंग कितीही झिजला असला, तरी तो त्या काळातील कारखान्याच्या कामाचा थेट पुरावा असतो आणि एकदा खरवडल्यावर परत मिळत नाही. म्हणून रंग बऱ्यापैकी शिल्लक असल्यास सफाई व किरकोळ दुरुस्ती यांवर थांबणे अनेक संग्राहक पसंत करतात. नक्षी बहुतांशी नष्ट झालेली, लाकूड कुजलेले किंवा मूळ रंगावर दुसरा रंग चढविलेला असल्यास संपूर्ण पुनर्रंगणाचा पर्याय स्वीकारला जातो.