अखंड पहाऱ्याची विद्या (लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण क्लाउडची रचना पाहिली. आपल्या कचेरीत संगणक मांडून बसण्याऐवजी दूरच्या केंद्रातील संगणकशक्ती लागेल तेव्हा आणि लागेल तेवढी भाड्याने घ्यावी, अशी ती व्यवस्था. आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे, २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आणि २०१७ मध्ये गूगलनेही मुंबईतच अशी केंद्रे उघडल्यावर महाराष्ट्र हे या व्यवसायाचे मोठे ठाणे कसे झाले, हेही पाहिले. यंत्रांचा विचार झाला. आता माणसांकडे वळले पाहिजे. जी सेवा चोवीस तासांत क्षणभरही थांबता कामा नये, तिच्यावर पहारा कोणी द्यावा, तिच्यात फेरबदल कोणी करावेत आणि ती कोसळलीच तर तहकीकात कशी करावी, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता जी कार्यसंस्कृती सिद्ध झाली, तिला डेव्हऑप्स म्हणतात. तिचे मर्म समजून घेण्यासाठी वाचकांना मी हिंजवडीच्या आधी रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडला नेऊ इच्छितो.

शास्त्री नदी सागराला मिळते तेथे, खाडीच्या दक्षिण तीरावर जयगडचा किल्ला उभा आहे. समोरच्या तीरावरील तवसाळला जाणारी फेरीबोट मोटारींसह माणसांची ने-आण करते. आणि याच परिसरात २०१० व २०११ या दोन वर्षांत प्रत्येकी ३०० मेगावॉटचे चार संच एकामागून एक सुरू होऊन जेएसडब्ल्यू एनर्जीचे १२०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र पूर्ण झाले. परदेशातून आलेला कोळसा जवळच्याच बंदरात उतरतो, आणि त्यापासून निर्माण झालेली वीज ४०० किलोव्होल्टच्या दोन वाहिन्यांनी सह्याद्री ओलांडते. एक सुमारे ५५ किलोमीटरवरील नवीन कोयनेकडे जाते आणि दुसरी सुमारे ११० किलोमीटरवरील कराडकडे. मुंबई-पुण्याची संगणककेंद्रे ज्या वीजजालावर चालतात, त्याच जालात ही वीज मिसळते.

विजेचा धर्म असा की ती धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी बसवावा लागतो, आणि तो बसला की नाही हे ५० हर्ट्झ या वारंवारतेच्या चढउतारावरून कळते. ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रातून हुकूम सुटतात, त्याप्रमाणे संचांचा भार वाढवला किंवा उतरवला जातो. आणि एखादा संच अकस्मात ‘ट्रिप’ झाला तर त्याची उणीव इतरांनी तत्काळ भरून काढावी लागते. ज्या व्यवसायात असा प्रसंग मध्यरात्रीही उद्भवू शकतो, त्याने पहाऱ्याची शिस्त फार पूर्वीच घालून घेतली, आणि त्या शिस्तीची दोन अंगे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत.

पहिले अंग पाळीच्या हवाल्याचे. वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात पाळी बदलताना येणाऱ्याने हजेरी लावली आणि जाणाऱ्याने पाठ फिरवली, एवढ्याने काम भागत नाही. कोणता पंप दुरुस्तीला काढला आहे, कोणत्या बेअरिंगचे तापमान सकाळपासून चढते आहे, कोणती सूचना वारंवार वाजते आणि का, हे सर्व लॉगबुकात लिहून आणि तोंडी समजावून दिल्यावाचून जबाबदारी हस्तांतरित होत नाही. दुसरे अंग परमिटचे. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तोडायचा, तो तुटल्याची खात्री करायची, खटक्याला कुलूप घालून त्यावर आपल्या नावाची पाटी अडकवायची, आणि काम संपल्यावर ते परमिट परत केल्याखेरीज पुरवठा पूर्ववत जोडायचा नाही. ‘मी लक्षात ठेवीन’ या आश्वासनावर येथे कोणाचाही जीव सोपवला जात नाही. माणूस विसरतो, थकतो आणि चुकतो, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था रचलेली आहे.

सॉफ्टवेअरच्या जगाला हे शहाणपण येण्यास विलंब लागला. तेथे दीर्घकाळ दोन जाती नांदत होत्या : प्रोग्राम लिहिणाऱ्यांची आणि तो चालवणाऱ्यांची. लिहिणाऱ्याची बढती नवे फेरबदल करण्यावर अवलंबून, तर चालवणाऱ्याची अब्रू काहीही न बिघडण्यावर. त्यामुळे एकाचा उत्कर्ष तो दुसऱ्याचा धोका ठरे, आणि रात्री सेवा कोसळली की ‘प्रोग्राम वाईट’ आणि ‘यंत्रे वाईट’ असा वाद दोन खात्यांत रंगे. ॲमेझॉनचे मुख्य तंत्रज्ञ वेर्नर फोगेल्स यांनी २००६ मध्येच जो बांधतो त्यानेच चालवावे असा सिद्धांत मांडला होता. जून २००९ मध्ये सॅन होजे येथील परिषदेत जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी फ्लिकर या कंपनीत दिवसाला दहाहून अधिक वेळा नवे फेरबदल सेवेत कसे आणले जातात हे सांगितले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेल्जियममधील गेंट येथे पॅट्रिक डेबॉइस यांनी भरवलेल्या मेळाव्याने या चळवळीला तिचे नाव दिले.

दिवसातून दहा वेळा फेरबदल म्हणजे दहापट धोका, असे सामान्य बुद्धीला वाटते. परंतु अनुभव उलट आहे. सहा महिन्यांचे फेरबदल एकाच रात्री घातले तर कोणत्या बदलाने घात केला हे शोधणे दुष्कर होते. लहानसा बदल स्वयंचलित चाचण्यांतून तावूनसुलाखून घेऊन प्रथम थोड्या ग्राहकांपुरता लागू केला, तर बिघाड लगेच दिसतो आणि काही मिनिटांत मागे घेता येतो. शिवाय क्लाउडवर कोणती यंत्रे, कोणती जोडणी, कोणाला कोणता अधिकार, हा सगळा बंदोबस्त आता लिखित संहितेच्या रूपाने ठेवता येतो. ती संहिता दप्तरी राहते, तिच्यातील प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या नजरेखालून जाते, आणि परमिटच्या पाटीचे जे प्रयोजन तेच तीही बऱ्याच अंशी साधते.

तथापि जे पूर्णतः यंत्रावर सोपवता येत नाही, ते म्हणजे रात्रीचा पहारा. गौरी-गणपतीला जयगडच्या आपल्या घरी आलेला, पुण्यात नोकरी करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. अशी घरे कोकणात आज कितीतरी आहेत. त्या आठवड्याची ‘ऑन-कॉल’ची पाळी त्याच्याकडे आहे. आरती सुरू असताना फोन कर्कश वाजतो. ठरलेल्या मिनिटांत त्याने सूचना स्वीकारली नाही, तर ती पुढच्या सहकाऱ्याकडे जाणार. घरात नेटवर्क नीट लागत नाही म्हणून तो लॅपटॉप घेऊन खळ्यात येतो. पडद्यावरील आलेखात डेटाबेसच्या सर्व जोडण्या व्यापलेल्या दिसतात. दुपारी झालेल्या एका फेरबदलाने उघडलेल्या जोडण्या बंदच होत नाहीत, असे त्याच्या ध्यानात येते. तो आधीची आवृत्ती परत बसवतो, आलेख खाली येईपर्यंत थांबतो, आणि कोणत्या मिनिटाला काय पाहिले व काय केले याची टिपणे लिहून ठेवतो. आत सर्वांची जेवणे उरकलेली असतात आणि त्याचे पान झाकून ठेवलेले असते.

अशा वेळी दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला तहकीकातीचा. आपल्या कचेऱ्यांत चूक झाली की प्रथम मेमो निघतो, मग खुलासा मागवला जातो, आणि कसूर कोणाच्या तरी माथी मारून प्रकरण बंद होते. परिणामी पुढच्या वेळी माणूस सत्य दडवण्यास शिकतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या कर्मचाऱ्याने दुय्यम यंत्रावरील माहिती पुसताना चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. माहिती परत मिळवण्याच्या पाच उपायांपैकी एकही भरवशाचा निघाला नाही. नित्याची प्रत निघणे बंद पडले होते, आणि तसे कळवणारी ई-पत्रे वाटेतच नाकारली जात होती. अखेर सुमारे सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवर भागवावे लागले. कंपनीने सारा वृत्तान्त जगासमोर ठेवला, त्या कर्मचाऱ्याचे नाव मात्र जाहीर केले नाही. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनच्या एका साठवणसेवेत चुकीच्या आज्ञेमुळे हवे त्याहून अधिक संगणक सेवेतून निघाले आणि काही तास मोठा गोंधळ उडाला. तेव्हा त्या कंपनीने आज्ञा राबवणारे साधनच असे बदलले की ठराविक मर्यादेखाली क्षमता एकदम काढताच येऊ नये. ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये पुरस्कारलेली दोषारोपरहित चौकशी ती हीच. तिला मवाळपणा समजणे चूक ठरेल. एका माणसाला काढून टाकण्याने व्यवस्थेतील छिद्र तसेच राहते. सत्य सांगण्याची मुभा असली तरच ते बुजते.

दुसरा प्रश्न विसाव्याचा, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या कामाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट वेतन ठरवले. पाळी संपली की वीजकेंद्रातील कामगार मोकळा असतो. संगणकक्षेत्रात मात्र पुष्कळ ठिकाणी डेव्हऑप्सचे नाव तेवढे घेतले जाते, त्याच नावाचे एक निराळे खाते उघडले जाते, आणि सगळ्यांचा रात्रीचा भार त्यातल्या दोघातिघांवर टाकला जातो. म्हणजे जी भिंत पाडायची तीच नव्या पाटीसह पुन्हा उभी राहते. या बाबतीत गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेले दंडक चिंतनीय आहेत : एकाच ठिकाणच्या गटाने ऑन-कॉल सांभाळायचे तर त्यात निदान आठ माणसे असावीत; बारा तासांच्या पाळीत दोनहून अधिक घटना येऊ नयेत; चालवण्याच्या कामात निम्म्याहून अधिक वेळ जाऊ नये; आणि अवेळी केलेल्या कामाचा मोबदला सुट्टीने किंवा पैशाने द्यावा. सेवा ९९.९ टक्के उपलब्ध ठेवायची तर तीस दिवसांत ४३ मिनिटांचा बिघाड क्षम्य आहे. ती मिनिटे संपत आली की नवे फेरबदल थांबवून दुरुस्तीला बसावे, असाही त्यांचा नियम आहे. या सर्व दंडकांच्या मुळाशी एकच विचार आहे, तो असा की माणसाची झोप हीदेखील त्या सेवेच्या पायाचा भाग आहे.

म्हणून नोकरीला निघालेल्या तरुणांना माझे सांगणे आहे की पगाराचा आकडा विचारण्याबरोबरच हेही विचारावे : पहाऱ्याला किती माणसे आहेत, माझ्यामागून हवाला कोण घेतो, आणि चूक कबूल करणाऱ्याचे येथे काय होते? आणि व्यवस्थापकांना विनंती अशी की, ज्याच्या हाती सेवा सोपवली त्याला ती सुधारण्याचा अधिकार आणि तिच्यापासून दूर होण्याचा हक्क, दोन्ही द्यावेत. अधिकाराशिवाय दिलेली जबाबदारी ही वेठबिगारी होय.

पुढील लेखांकात समुद्राच्या तळावरून मुंबईला येणाऱ्या केबली आणि त्या तुटल्या असता त्यांची दुरुस्ती करणारी जहाजे यांचा परिचय करून घेऊ.