मत गुप्त, गल्ली उघडी

2024 च्या 7 मे रोजी सुरतेत एक अजब प्रकार झाला. लिंबायत, उधना, मजुरा भागांतले लोक बोटाला शाई लावून घेत होते, आणि त्याच शहरात वराछा-कतारगामच्या लोकांना मतदान करायला काही उरलंच नव्हतं. सुरत लोकसभेला काँग्रेसच्या नीलेश कुंभाणींचा अर्ज सूचकांच्या सह्यांच्या घोळात बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, आणि भाजपचे मुकेश दलाल 22 एप्रिललाच बिनविरोध खासदार झाले. लिंबायत महापालिकेच्या हिशेबात सुरतेचं, पण लोकसभेच्या हिशेबात नवसारीचं. तिथे सी. आर. पाटील 7 लाख 73 हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून आले.

हे पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील. 2012, 2017 आणि 2022 अशा सलग तीन वेळा निवडून आलेल्या. गुजरातच्या नकाशावर एवढे पाटील आले कुठून?

त्याचं उत्तर रेल्वेच्या रुळांवर आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून लोहमार्ग पडला. सुरत, उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. पुढे सुरतेत कापडाचे लूम वाढत गेले, आणि खान्देशात पाऊस दगा देई तेव्हा माणूस याच गाडीत बसे. उधना स्टेशनवर उतरलं की काम जवळ आणि खोली स्वस्त. लिंबायत, नवागाम, डिंडोली, गोडादरा असे एकामागून एक भाग भरत गेले. आज तिथे खान्देशची अहिराणी खुशाल कानावर पडते. सुरत महापालिकेच्या शाळांतही गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजीबरोबर मराठी माध्यम आहे.

माणसं आली, मतदारयादीतही चढली, पण मतदारसंघांच्या सीमा जागच्या हलल्या नाहीत. 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या रेषा तीस-पस्तीस वर्षं तशाच होत्या, त्यामुळे शहराबाहेरची बरीचशी वाढ चोर्यासी मतदारसंघाच्या पोटात जमा होत राहिली. 2008 च्या फेररचनेने ते पोट फाडलं. लिंबायत, उधना हे स्वतंत्र मतदारसंघ झाले आणि 2012 मध्ये तिथे पहिली विधानसभा निवडणूक झाली. म्हणजे खान्देशी मतांचं वजन आधीही होतं. ते दिसू लागलं रेषा बदलल्यावर.

पण अमुक वस्ती अमुक पक्षाची, हे कळतं कसं? मत तर गुप्त असतं! इथे खरी गंमत आहे. गुप्त असतं ते एकट्याचं मत. मतदान यंत्र मोजलं जातं बूथनिहाय, आणि निकालाच्या फॉर्म 20 मध्ये प्रत्येक बूथची वेगळी ओळ असते. एका बूथवर साधारण हजारभर नावं, म्हणजे चार-दोन गल्ल्या. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक पेट्यांमधली मतं एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्राने ती घालवली. अनेक यंत्रांची एकत्र बेरीज दाखवणारा 'टोटलायझर' वापरावा, असं निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलं, 2015 मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली. सरकारच्या गळी ते उतरलं नाही. कोणत्या गल्लीने पाठ फिरवली हे ज्याला पाहायचं असतं, त्याला ते का उतरावं? गुजरात भाजपची 'पेज समिती' तर याहून खाली जाते: मतदारयादीच्या एका पानावर तीसेक नावं, आणि त्या पानासाठी पाच कार्यकर्ते. ही पद्धत राज्यभर राबवली ती प्रदेशाध्यक्ष असताना याच सी. आर. पाटलांनी.

आता 'सुरत म्हणजे भाजप' असं एका दमात म्हणणाऱ्यांनी पाटीदारांचा वराछा पाहावा. आरक्षणासाठीचं पाटीदार आंदोलन पेटलेलं असताना, 2015 च्या महापालिका निवडणुकीत काँग्रेसने शहरात 36 जागा जिंकल्या. 2021 मध्ये तिच्या हाती शून्य आलं आणि पहिल्यांदाच उतरलेल्या आम आदमी पक्षाला 27 मिळाल्या, त्या मुख्यतः पाटीदारांच्या वस्त्यांतून. 2022 मध्ये विधानसभेला त्याच वस्त्या पुन्हा भाजपकडे. नगरसेवकाला मत देताना पाटीदार मतदार राग काढतो, आमदाराला देताना राज्याकडे पाहतो, असं मला वाटतं. पण बूथची ओळ वस्ती सांगते, माणूस सांगत नाही, हे विसरू नये.

लिंबायतही एकसंध नाहीच. मराठी माणसांबरोबर मुस्लिम, तेलुगू, उत्तर भारतीय अशा मोठ्या वस्त्या आहेत. 2022 मध्ये तिथे तब्बल 44 उमेदवार होते. एका मतदान यंत्रावर सोळाच बटणं मावतात, म्हणून 'नोटा' धरून शेजारी शेजारी तीन यंत्रं मांडावी लागतात. एवढ्या गर्दीतही भाजपच्या संगीता पाटील, काँग्रेसचे गोपाल पाटील आणि आपचे पंकज तायडे, तिघांची आडनावं खान्देशातली.

सुरतेच्या याच लूमवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले लाखो कामगार राबतात. ते बहुधा एकटे येतात, खानावळीत अनेक जण मिळून खोली वाटून घेतात आणि नाव गावच्या यादीत ठेवतात. खान्देशी माणूस बायकामुलांसह राहिला, रेशनकार्ड काढलं, पोरं शाळेत घातली, यादीत चढला. घाम दोघांचा सारखाच, पण लिंबायत, उधन्याच्या बूथच्या यादीत गंजामकराचं नाव क्वचितच.