रस्ता पायी चालणाऱ्याचाही आहे!

रस्त्यावरून चालण्याचा हक्क या देशात फुकट मिळालेला नाही. केरळात वायकोमच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी १९२४ साली सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलावांबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख झाला. आज त्या रस्त्याची मालकी कुणाकडे? गाडीवाल्याकडे!

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांआधी माणसांचा विचार करायला सांगितले. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क कलम २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. पण हा विचार महानगरापुरताच का? जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावालाही तो लागू व्हावा. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या चालवायच्या कुठे? ट्रकच्या चाकाशेजारी?

आमचे म्हणणे साधे आहे. रस्ता रुंद करताना कडेचा कडुनिंब वाचवा, सावलीत चालायला वाट ठेवा. पदपथाच्या नावाखाली फेरीवाल्याला हुसकू नका. २०१४ च्या कायद्याने त्याचीही जागा मान्य केली आहे. गाडी नसलेला मजूरही काडेपेटीपासून कपड्यापर्यंत कर भरतोच. म्हणून ग्रामसभेत उभे राहून विचारा : अंदाजपत्रकात पायी चालणाऱ्यासाठी किती फूट धरलेत?